कोरडा हात, ओला हात

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यात रेशनच्या दुकानापुढे रांग लागली होती, आणि माझ्यापुढे शेजारच्या आजी पिशवी सावरीत उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. पण कापसाच्या वेचणीला अजून सुनांच्या पुढे. त्यांची पाळी आली तसे दुकानदाराने ते लहानसे यंत्र पुढे सरकवले. आजींनी अंगठा टेकवला. यंत्राने नकार दिला. आजींनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा नकार. मग त्यांनी तोच अंगठा कपाळावर घासला, नाकाच्या बाजूला घासला, त्यावर फुंकर घातली. उजवा झाला, डावा झाला. दुकानदार म्हणाला, "आजी, उद्या या."

आजी वळून मला म्हणाल्या, "मना आंगठा कोठे गया रे भाऊ?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. जो अंगठा त्यांनी आयुष्यभर कागदोपत्री उमटवला, तो गेला कुठे? मी पेशाने मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहाससंशोधक नव्हे, आणि डॉक्टर तर नव्हेच. परंतु एखाद्या प्रश्नाच्या पाठीस लागायचे, ही मास्तराची खोड. त्या खोडीपायी जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. फराळाचे ताट बाजूला ठेवून, हात पुसून, आधी आपापला तळहात एकदा उजेडात धरून पाहावा, एवढीच विनंती.

तळहाताचे कातडे हे शरीराच्या इतर कातड्यासारखे नाही. त्यावर केस उगवत नाहीत. कपाळाच्या, पाठीच्या कातड्यात तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळहातावर आणि तळपायावर त्या मुळीच नसतात. उलट घामाच्या ग्रंथींची तिथे नुसती दाटी. म्हणजे निसर्गाने या अवयवाला पाणी भरपूर दिले, तेल दिले नाही. हात फुटतो तो यामुळे आणि हात निथळतो तोही यामुळेच. आजींनी अंगठा कपाळावर घासला, त्यात केवळ चिडचीड नव्हती; हाताला नसलेले तेल त्या कपाळावरून उसने घेत होत्या! हे त्यांना कोणी शिकवले? कोणीच नाही. गरजेने शिकवले.

या कातड्यावर बारीक वरंबे आणि सऱ्या असतात. शेतकऱ्याला वेगळे समजवायला नको. नेहेमाया ग्रू नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८४ साली या वरंब्यांचे आणि त्यांच्या माथ्यावर ओळीने असलेल्या घामाच्या छिद्रांचे वर्णन केले. हे वरंबे मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि मरेपर्यंत त्यांची मांडणी बदलत नाही. त्यांवर ओलावा बेताचा असला म्हणजे ठसा स्वच्छ उठतो. हात फार कोरडा असला तर वरंबा तुटक-तुटक टेकतो. हात फार ओला असला तर घाम सऱ्यांत भरतो आणि सगळा डागच उमटतो. लिहिताना दौतीत शाई कमी झाली काय किंवा जास्त झाली काय, अक्षर बिघडायचे ते बिघडतेच. तसाच हा प्रकार.

पण हाताच्या ठशाला एवढी किंमत आली कधीपासून?

आपल्याकडे हात उमटवण्याची चाल जुनी. लग्नघरच्या भिंतीवर हळदीकुंकवाचे हात उठतात, पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे पंजे उठतात. मोगल बादशहांच्या काही फर्मानांवरही पंजा उमटवलेला असे. परंतु तो पंजा म्हणजे शब्द, वचन. रेषा न्याहाळून माणूस ओळखावा, असा त्यामागे हेतू नव्हता. गावच्या साध्या माणसाला सही येत नसे तेव्हा तो कागदावर आपल्या धंद्याची खूण करी. जुन्या मराठी कागदांत पाटलाच्या नावापुढे काढलेला तो चिमुकला नांगर ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून असे जुने कागद मिळवले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी ते धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. त्या नांगराच्या निशाणीत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. 'तू कोण?' या प्रश्नाला तिथे 'मी नांगरणारा' असे उत्तर आहे. माणसाची ओळख त्याच्या हाताच्या कामावरून होती. त्या कामाने हात किती झिजला, याची चौकशी नव्हती.

ही चौकशी सुरू झाली इंग्रजी अमदानीत, आणि तीही अविश्वासापोटी. १८५८ च्या जुलैत बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा तरुण मुलकी अंमलदार रस्त्याच्या खडीचा करार करीत होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. कंत्राटदार होता राज्यधर कोनाई. पुढे हा गृहस्थ 'सही माझी नव्हे' म्हणेल, अशी साहेबाला धास्ती. त्याने शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि अख्खा पंजा कराराच्या पाठीवर दाबून घेतला. हेतू एवढाच की, त्याच्या मनावर दडपण बसावे. पण ते ठसे पाहता पाहता हर्शेलला त्यांचा छंद लागला. एकाच माणसाचे ठसे वर्षे लोटली तरी तेच राहतात, हे त्याने ताडून पाहिले. आणि १८७७ साली हुगळीला कलेक्टर असताना पेन्शन घेणाऱ्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि तुरुंगातल्या कैद्यांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने पेन्शन उचलू नये, हा त्यातला एक उद्देश.

दुसरीकडे जपानात हेन्री फॉल्ड्स हा स्कॉटिश डॉक्टर जुन्या मातीच्या भांड्यांवर कुंभारांच्या बोटांच्या खुणा पाहून याच विषयाकडे वळला होता. १८८० साली 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात त्याने पत्र लिहून सांगितले की, बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल. इथे ओल्या हाताची कथा सुरू होते. शाई न लावताही बोट ठसा सोडते, कारण त्यावर घाम असतो आणि तोंडाला, केसांना हात लागून आलेले तेल असते. चोर काचेला हात लावतो आणि आपले नाव लिहून जातो! पुढे फ्रान्सिस गाल्टनने १८९२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. परंतु लाखो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, हे कोडे सुटले ते कलकत्त्यात. एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी फौजदारांनी वर्गीकरणाची गणिती रीत बसवली, आणि १८९७ साली जगातील पहिली अंगुलिमुद्रा कचेरी तिथे उघडली. रीत साऱ्या जगभर गेली, ती मात्र 'हेन्रीची पद्धत' या नावाने. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांच्या जाणकाराची साक्ष ग्राह्य झाली. १९५४ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की, निनहायड्रिन हे रसायन लावले असता घामाचा न दिसणारा ठसा कागदावर जांभळा होऊन उठतो. घामाने माणूस कसा बोलता होतो, पाहा!

हा सगळा काळ आमच्या खानदेशात काय चालले होते? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रेल्वे खानदेशात शिरली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. सरकी काढणारे जीन आले, गठ्ठे दाबणारे प्रेस आले, आणि पुढच्या दशकात मूळजी जेठांची सूतगिरणीही उभी राहिली. १९०६ साली अंमळनेरला प्रताप मिल आली. या वैभवाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्या वैभवामागच्या हातांचे फारसे कोणी केलेले नाही.

कापसाची वेचणी साधारण दसरा-दिवाळीला सुरू होते. बोंड फुटून पांढरे हसू लागले की पाहणाऱ्याला गोड वाटते. पण त्या बोंडाची वाळलेली टरफले टोकदार असतात. बोटे आत घालून कापूस ओढताना ती नखाच्या कडेला टोचतात, ओरखडतात. दिवसभरात हे किती वेळा होत असेल, ते वेचणाऱ्या बाईलाच विचारावे. त्यात नेमका तोच थंडीचा, कोरड्या वाऱ्याचा मोसम. संध्याकाळी घरी येऊन राखेने भांडी घासायची, गार पाण्यात कपडे आपटायचे. तेल नसलेल्या कातड्याचा जो काही ओलावा असतो तो अशाने उडून जातो, कातडे कडक होते, भेगा पडतात, वरंबे घासून सपाट होतात. केळीच्या बागांत, रावेर-यावलकडे, ही झीज वेगळ्या रंगाची. तिथे केळीचा चीक हातावर बसून काळा पडतो आणि धुऊन जात नाही.

एक गोष्ट मला गिरणीकामगारांकडून पूर्वीच कळली होती. तिचा अर्थ मात्र आता लागला. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून गिरणीत साच्यांवर पाण्याचे बारीक तुषार सोडून हवा ओलसर ठेवतात. आमच्याकडची हवा मुळातच कोरडी, तेव्हा इथे तर ते अधिकच अगत्याचे. धाग्याला ओलावा हवा, हे मालकांना कळत होते आणि त्याचा बंदोबस्तही होत होता. तो धागा ज्या कापसाचा, तो वेचणाऱ्या बोटांनाही ओलावा लागतो, हे कुणाच्या हिशेबात आले नाही.

आसोद्याची एक लेक अशाच शेतात राबली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता ती जे म्हणे ते मुलाने, सोपानदेवाने, आणि घरच्यांनी टिपून ठेवले. ती १९५१ साली गेली, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिच्या कविता छापल्या गेल्या आणि साऱ्या महाराष्ट्राला बहिणाबाई चौधरी माहीत झाल्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आपण मास्तर लोक किती सहज 'अंगठाबहाद्दर' म्हणतो! जिला सही येत नव्हती, तिचे नाव आज हजारो पदव्यांच्या कागदावर वर छापलेले असते.

आता पुन्हा अंगठ्याकडे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी मोठा समारंभ झाला. हा जिल्हा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. भारतातले पहिले आधार क्रमांक त्या दिवशी टेंभलीच्या आदिवासी माणसांना मिळाले. पहिला मिळाला एका कष्टकरी बाईला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र, चेहऱ्याचा फोटो आणि बारा आकडी क्रमांक. कल्पना वाईट नव्हती. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही त्याचा हातच त्याचा कागद व्हावा, ही कल्पना मला तर उदात्त वाटते. परंतु त्या हातावर किती उन्हाळे गेले आहेत, हे यंत्राला ठाऊक नव्हते. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ओळख न जुळण्याच्या प्रमाणाचे अंदाज दिले आहेत : झारखंडात शंभरात ४९, राजस्थानात ३७. त्यात यंत्राचे, तारांचे, इतरही दोष आले. सगळाच दोष बोटांचा नव्हे. पण बोट झिजते कुणाचे? खडी फोडणाऱ्याचे, विटा वाहणाऱ्याचे, सिमेंट कालवणाऱ्याचे, कापूस वेचणारीचे. दिवसभर कागदावर हात फिरवणाऱ्या माझे नव्हे. माझा अंगठा पहिल्या खेपेला उमटतो. जिच्यासाठी ही योजना, तिचाच हात योजनेला दिसत नाही, अशी ही गाठ पडली. २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राने राज्यांना स्पष्ट कळवले की, ओळख जुळली नाही एवढ्यावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये; नोंदवहीत नोंद करून ते द्यावे. हा नियम आजींना माहीत नव्हता. खरे सांगायचे तर, त्या दिवशी मलाही नव्हता.

आता माझ्याच एका चुकीची हकीकत. कोरड्या हाताला निदान लोक कष्टाळू म्हणतात. ओल्या हाताच्या वाट्याला तेही नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची वही नेहमी ओलसर, अक्षरे पसरलेली, पानांचे कोपरे गोळा झालेले. मी एकदा ती वही सर्व वर्गासमोर उंच धरली आणि 'ही पाहा गबाळेपणाची परमावधी' असे म्हणालो. तो काही बोलला नाही. पुढे मैदानावर कबड्डी चालली असता मी पाहिले की, साखळी धरायची वेळ आली की दोन्ही बाजूंची पोरे त्याचा हात टाळीत. तो बिचारा तळहात मातीत घोळून पुन्हा पुढे करी. त्याच्या आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, त्याच्या वडिलांचेही असेच आहे." हा घराण्यातून येणारा दोष आहे, तो बहुधा लहान वयातच सुरू होतो, आणि तळहाताचा घाम उन्हापेक्षा मनाच्या ताणाने अधिक सुटतो, हे मला तेव्हा कळले. म्हणजे मी रागावलो की त्याचा हात भिजे, हात भिजला की वही बिघडे, आणि वही बिघडली की मी रागावे! मी त्याच्या बाकावर टिपकागद ठेवला, हाताखाली धरायला एक जुना सुती रुमाल दिला आणि वर्गासमोरच त्याची माफी मागितली. अक्षर पुढे पुष्कळ सुधारले. लिहिणाऱ्या हाताविषयी बोलताना मला साने गुरुजींची आठवण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, फेब्रुवारीपासून थेट जूनपर्यंत. आणि गुरुजी ते उतरवून घेत. आमचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याने त्या हाताची कल्पना करावी. किती वेळा त्यांनी हात धोतराला पुसला असेल!

दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो. कोरड्या हाताला कढत पाणी आणि उग्र साबण वर्ज्य. हात धुतल्यावर ते ओलसर असतानाच खोबरेल, व्हॅसलिन किंवा साधे ग्लिसरीन चोळावे. तेल पाणी आणत नाही, असलेले पाणी राखते. म्हणून पूर्ण वाळलेल्या हातावर त्याचा उपयोग कमी. रात्री जाड थर लावून सुती हातमोजे घालावेत. हातमोजे नसतील तर धुतलेले जुने सुती पायमोजे चालतात. भेगांतून रक्त येऊ लागले, खाज सुटली, पाण्याचे फोड आले, तर तो इसब असू शकतो. तिथे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत. ओल्या हातासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडचे औषध मिळते. ते रात्री, हात अगदी कोरडे करून लावायचे असते. पाण्याच्या तबकात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याचाही उपचार आहे. आणि त्यापुढचे इंजेक्शनचे उपाय तज्ज्ञाने ठरवायचे. झोपेतही घाम येत असेल, वजन उतरत असेल, छाती धडधडत असेल, तर हाताचा विचार सोडून आधी डॉक्टर गाठावा.

या शोधात मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट शेवटी राखून ठेवली आहे. कामाने झिजतो तो वरंब्याचा माथा. त्याचे मूळ कातड्याच्या आतल्या थरात असते. हाताला काही आठवडे विसावा आणि थोडी निगा मिळाली की वरची झीज भरून येते, आणि पहिलीच मांडणी पुन्हा उगवते, तीच वळणे, तीच चक्रे. नांगरट झाली तरी शेताची सीव मोडत नाही, तसेच हे. फार खोल जखम झाली, भाजले, तर गोष्ट वेगळी. शिवाय म्हातारपणी कातडे सैल पडते, तेव्हा ठसा पूर्वीइतका ठळक उठत नाही. परंतु अंगठा कुठे जात नाही.

हे सगळे आजींना सांगायला गेलो तो धनत्रयोदशीचा दिवस. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "काही आठवडे विसावा? आणि वेचणी कोण करील?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांच्या सुनेने त्यांना पाटावर बसवले, आणि तेल लावताना पहिल्यांदा हात चोळले. वर्षानुवर्षे ज्या घरात सगळ्यांना तेल-उटणे लावून देत आल्या होत्या, तिथे त्या दिवशी त्यांचे हात दुसऱ्याच्या हातात होते. पुढे रोज रात्री ते चालू राहिले. भाऊबीज झाल्यावर मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो, नियमाची माहिती दुकानदाराला दिली, आणि दहाही बोटे एकेक करून लावून पाहू, असे सुचवले. अंगठे दोन्ही नाकारले गेले. डाव्या हाताचे मधले बोट लागले.

आजींनी ते बोट वर करून रांगेला दाखवले. या खेपेला हशा पिकला तो त्यांच्याबरोबर.